अंगठेबहाद्दर आणि आमच्या मिस

आमच्या संघटनेच्या पेजवर एखाद्या मजकुराखाली कुणी नुसता अंगठा दाखवला, की मिस त्याला फोन करायच्या. संध्याकाळचा चहा झाला की गिरगावातल्या घराच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायचं आणि एकेकाला गाठायचं.

"अंगठा दाखवलास तू. का?"

पलीकडचा माणूस गडबडायचा. आवडलं म्हणून, असं काहीतरी पुटपुटायचा.

"काय आवडलं? एका मुलाला रात्रभर एकट्याला एक्स-रेच्या दोन खोल्या सांभाळायला लावतात, असं लिहिलंय तिथे. ते आवडलं तुला?"

मग त्याला तो मजकूर पुन्हा वाचायला लावायचं, त्याच्याकडे काय परिस्थिती आहे ते विचारायचं आणि ते त्याच्याच हाताने पेजवर लिहून घ्यायचं. फोन ठेवला की मला म्हणायच्या, मराठीत अंगठा दाखवणं कशाला म्हणतात हे या लोकांना कुणी शिकवलंच नाही. सगळे अंगठेबहाद्दर.

आमची संघटना एक्स-रे टेक्निशियन लोकांची. मुंबईतले बरेच, आणि गावोगावच्या हॉस्पिटलांत, छोट्या सेंटरांत काम करणारे उरलेले. मिस आमच्या आधीच्या पिढीतल्या. परळच्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी काढली, शिवाय टेक्निशियनच्या कोर्सला शिकवलं. त्यामुळे निम्मी संघटना त्यांची विद्यार्थी होती, आणि उरलेली निम्मी ऐकून ऐकून त्यांना मिसच म्हणायची. कुणी चुकून आंटी म्हटलं तर त्या थंडपणे विचारायच्या, "तुझी आई आणि मी बहिणी आहोत का?"

आता लोक त्यांची आठवण काढताना "किती गोड होत्या" म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. मिस अजिबात गोड नव्हत्या. त्या हट्टी होत्या, तोंडाळ होत्या, आणि माझ्याइतकं त्यांनी कुणालाच छळलेलं नाही. त्यांना गोड करून टाकलं की त्यांनी काय केलं ते सांगावं लागत नाही, एवढाच त्यातला फायदा.

मिस निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा संघटनेच्या बैठकीला आल्या तेव्हा मी कार्यकारिणीत नवीन होते. आमचं कार्यालय म्हणजे हिंदमाताला एका साडीच्या दुकानाच्या वरची खोली. खाली गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवत असायचे, वर आम्ही ठराव करत असायचो. बैठकीच्या शेवटी मिसनी विचारलं की आपलं ते पेज आहे, त्याचा उपयोग काय. अध्यक्ष उत्साहाने सांगायला लागले. रोज सुप्रभात टाकतो, सणांच्या शुभेच्छा टाकतो, पदाधिकाऱ्यांचे वाढदिवस टाकतो.

"म्हणजे फुलवाला बसवलाय," मिस म्हणाल्या.

सगळे हसले. मिस हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे मला द्या. कुणालाच ते काम नको होतं, म्हणून मिळालं. आणि मी सगळ्यांत लहान म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं.

त्यांनी आल्या आल्या सुप्रभात बंद केलं. मग सण. मग वाढदिवस. स्टेजवरचे, शाली पांघरलेले फोटो काढून टाकले. माझा मजकूर त्या मोठ्याने वाचायला लावायच्या आणि प्रत्येक विशेषण खोडायच्या. आदरणीय गेलं, लाडके गेलं, यशस्वीरीत्या तर आधीच गेलं. "हे शब्द आपले नाहीत गो," त्या म्हणायच्या, "हे आमंत्रणपत्रिकेतले आहेत."

त्याऐवजी रोज एक प्रश्न. कुणीतरी विचारलेला, खरा. लहान मूल टेबलावर स्थिर राहत नसेल तर काय करायचं. मशीनमधून कसला तरी वास येतोय, मालक म्हणतो चालवा, चालवू का. अशा प्रश्नाचं उत्तर मिस स्वतः ठोकून द्यायच्या नाहीत. त्या ज्याला ते माहीत असेल अशा दोघांना फोन करायच्या, त्यांचं एकमत झालं की मग उत्तर, आणि खाली उत्तर देणाऱ्याचं नाव. स्वतःचं नाव त्यांनी कधी घातलं नाही. नोकरीची जाहिरात आली आणि त्यात पगार लिहिलेला नसला, तर ती परत. मालक चिडायचे, म्हणायचे बाकी सगळीकडे चालतं. मिस म्हणायच्या, मग बाकी सगळीकडे टाका.

आणि हे चाललं. तेच मला सांगायचंय. ज्या पेजवर पूर्वी अध्यक्षांचे नातेवाईक सोडून कुणी फिरकत नव्हतं, तिथे हिंगोलीचा मुलगा विचारायचा आणि चिपळूणची बाई उत्तर द्यायची. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं एकमेकांच्या ड्युट्या ओळखायला लागली.

माझा मात्र जीव जायचा. माझ्या भावाच्या साखरपुड्याला, भोईवाड्यात आमच्या चाळीच्या गॅलरीत पाहुण्यांच्या पंगतीत मी वाढत होते, तेव्हा मिसचा फोन आला. हिंगोलीच्या मुलाला सकाळपासून उत्तर गेलं नव्हतं. मी म्हटलं, मिस, माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं आहे. त्या म्हणाल्या, ते खाली ठेव. मी ठेवलं. आई माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री मी ठरवलं होतं की ही बाई आणि तिचं पेज गेलं खड्ड्यात.

रविवार तेवढा सुटीचा. रविवारी चर्चला जाताना मिस संघटनेचा फोन पावाच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावायच्या आणि सोमवारी सकाळीच काढायच्या. रविवार देवाचा, आणि देवाला रेंज लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी कितीही मोठं काही झालं तरी डबा उघडायचा नाही.

अध्यक्षांबद्दल इथे सांगायला हवं. तेही एके काळी टेक्निशियनच होते, मिसचेच विद्यार्थी. पुढे त्यांनी स्वतःचं एक सेंटर काढलं, मग आणखी काढली. म्हणजे ते आता टेक्निशियन लोकांना नोकरीवर ठेवणारे मालक होते आणि टेक्निशियन लोकांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. हे कुणाला खटकत नव्हतं. मलाही बराच काळ खटकलं नव्हतं, कारण ते फार छान बोलायचे आणि प्रत्येकाच्या घरच्यांची चौकशी करायचे.

सुप्रियाचा मेसेज आला तो रविवारीच. सुप्रिया लालबागची मुलगी, लोअर परळला एका जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीतल्या सेंटरमध्ये कामाला. ते सेंटर अध्यक्षांच्या एका भागीदाराचं. तिने पेजच्या इनबॉक्समध्ये लिहिलं होतं की तिला चौथा महिना आहे, मालकाला सांगून झालंय, तरी तिला एक्स-रेच्याच खोलीत उभं करतात. आणि छातीवर लावायचा बॅज, ज्यात आपल्या अंगावर किती किरण पडले ते कळतं, तो तिथे कुणालाच लावायला देत नाहीत. सगळ्यांचे बॅज मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये असतात. म्हणजे तपासणीला जातात तेव्हा स्वच्छ निघतात. शेवटी तिने विचारलं होतं: माझ्या बाळाला काही होईल का?

मी तो मेसेज उघडला तेव्हा त्याखाली उत्तर गेलेलं होतं. पेज तिघांच्या हातात होतं, मिस, मी आणि अध्यक्ष. उत्तर अध्यक्षांनी दिलं होतं. हा आपल्या आस्थापनेचा अंतर्गत विषय आहे, कृपया मालकांशी चर्चेने सोडवावा, संघटनेच्या शुभेच्छा सदैव आपल्या पाठीशी. आणि खाली जोडलेले हात.

मी हे आज लिहितानाही दात आवळून लिहितेय. बाळाला काही होईल का असं एक बाई विचारते आणि हा माणूस तिला हात जोडतो.

मिसचा फोन डब्यात. मी टॅक्सी केली आणि गिरगावला गेले. मिस चर्चमधून येऊन मासे साफ करत होत्या. मी मेसेज माझ्या फोनवर वाचून दाखवला, उत्तरासकट. त्यांनी हात धुतले, पुसले, डब्याचं झाकण काढलं आणि पावाच्या लाद्यांवर ठेवलेला फोन बाहेर घेतला. व्हरांड्यात जाऊन सुप्रियाला फोन लावला आणि बराच वेळ तिच्याशी बोलल्या. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. तिला घाबरवू नये म्हणून त्या एकेक प्रश्न सावकाश विचारत होत्या. कुठे उभी राहतेस, मध्ये भिंत आहे की नुसता पडदा, दिवसाला साधारण किती पेशंट. मग म्हणाल्या, उद्या मी सांगते त्या डॉक्टरबाईंकडे जा, मी येते बरोबर.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "लिही."

त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. सुप्रियाचं नाव नाही, सेंटरचं नाव नाही. टेक्निशियन गरोदर असेल तर तिने लेखी कळवावं. मालकाने तिचं काम बदलायचं असतं, ती मेहेरबानी नव्हे. बॅज कामाच्या वेळी अंगावर असायला हवा. आणि शेवटचं वाक्य: तुमचा बॅज ड्रॉवरमध्ये असेल तर खाली हात वर करा.

मी विचारलं, अध्यक्षांना दाखवायचं का. मिस म्हणाल्या, पेजवर दिसेल त्याला.

संध्याकाळपर्यंत हात वर यायला लागले. आधी एक, लातूरचा. मग नाशिक. मग एकदम खूप. काहींनी नुसता हात, काहींनी खाली लिहिलं की आमच्याकडे बॅज आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. दादरचे होते, माझ्या ओळखीचे होते. आणि सोमवारी दुपारी अध्यक्षांच्या स्वतःच्या सेंटरमधल्या दोघांनी हात वर केले.

मिस त्यातल्या प्रत्येकाला फोन करत होत्या. घसा बसला तरी करत होत्या. अंगठा असो की हात, त्यांचा नियम एकच होता.

बुधवारी बैठक बोलावली. हिंदमाताची ती खोली गच्च भरली होती. अध्यक्षांनी एका जाहिरात एजन्सीची माणसं आणली होती. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली, पेजवर प्रसन्न मजकूर असेल तर लोक जास्त थांबतात, तक्रारींमुळे पेजची प्रतिमा खराब होते, असं बरंच काही. अध्यक्ष म्हणाले की पेज हा संघटनेचा चेहरा आहे, आणि मिसचा अनुभव आपण नेहमीच शिरोधार्य मानू, पण आता त्यांना या धावपळीतून मोकळं करावं.

मग मिसनी अध्यक्षांना, पूर्वी वर्गात म्हणत तसं, तू म्हणून विचारलं.

"तुझ्याकडच्या दोघांनी हात वर केलाय. त्यांच्याशी बोललास?"

"मिस, तो आमचा अंतर्गत विषय आहे."

"मी बोलले," मिस म्हणाल्या. "त्यातल्या एकाला तूच शिकवलंयस, बॅज आधी लावायचा, मग मशीन लावायचं. तुला मी शिकवलं होतं."

खाली दुकानात कुणीतरी काठ दाखवा म्हणत होतं. मग अध्यक्षांनी मिसना पेजच्या कामातून मोकळं करण्याचा ठराव मांडला आणि बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं.

ते हात मी एकेक करून बघितले. खजिनदार, ज्याची परीक्षेची फी राहिली तेव्हा मिसनी प्राचार्यांशी भांडण केलं होतं. उपाध्यक्षबाई, ज्या स्वतः दोन बाळंतपणं झाल्यावर सांगत फिरायच्या की मिसमुळे मला एक्स-रेच्या खोलीतून बाहेर काढलं. चिटणीस पंख्याकडे बघत हात वर धरून होते. मी विरोधात एकटी. मी उठून बोलायला लागले आणि रागाने माझा आवाज असा फाटला की शब्दच नीट येईनात. अध्यक्ष समजुतीने म्हणाले, पाणी घ्या ताई. ते पाणी मी त्यांच्या अंगावर ओतलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही जिना उतरायच्या आत आमच्या दोघींच्या फोनवरून पेज गेलं होतं. त्या रात्री तो मजकूर काढला, त्याच्या खालच्या सगळ्या हातांसकट. सकाळी तिथे सूर्यफुलं होती.

सुप्रियाला सेंटरने सांगितलं की तब्येत सांभाळ, आत्तापासूनच घरी बस, पगाराचं नंतर बघू. ती रडत माझ्याकडे, मी काम करते त्या हॉस्पिटलात आली. मी मिसना फोन लावला तेव्हा मला वाटलं होतं की त्या खचल्या असतील. त्या कुणाशी तरी बोलत होत्या, लाईन लागेना. दिवसभर लागली नाही. संध्याकाळी मी गेले तर व्हरांड्यात तीच खुर्ची, तोच फोन. पेज गेलं होतं, पण त्यावर हात वर करणारा एकेक माणूस मिसशी बोललेला होता. लातूरच्याला ठाऊक होतं की या बाईंना आपल्या खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे तेही माहीत आहे. मिस त्यांना एकच विचारत होत्या: पेजवर वर केलास तो हात कागदावर करशील का, नावानिशी?

सगळे नाही म्हणाले नाहीत, सगळे हो म्हणाले नाहीत. काहींनी फोन उचलणं बंद केलं. पण जे हो म्हणाले तेवढ्यांची मिळून तक्रार एक्स-रे सेंटरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत गेली, आणि मिस दर आठवड्याला त्या कचेरीत जाऊन बसायला लागल्या. तिथल्या माणसांना त्यांनी काय छळलं असेल ते मी सांगू शकते, कारण मी त्यातून गेलेय.

लोअर परळच्या सेंटरवर तपासणी झाली. मॅनेजर बदलला. सुप्रियाला नोंदणीच्या टेबलावर, त्याच पगारात परत घ्यावं लागलं. मुलगी झाली, धडधाकट. अध्यक्षांच्या सेंटरमध्ये तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या छातीवर बॅज होते. दुसऱ्या दिवशी होते की नाही, ते तिथल्या त्या दोघांनाच माहीत, आणि त्या दोघांना तोवर काढून टाकलेलं होतं. त्यांचं आम्ही काही करू शकलो नाही. एकाला माझ्या हॉस्पिटलात जागा मिळाली. दुसरा गावी गेला. अध्यक्ष पुन्हा बिनविरोध निवडून आले.

मिस पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत गेल्या. झोपेत, घरीच. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून झापलं होतं, मी एका मुलीला अर्धवट उत्तर दिलं म्हणून.

चर्चमध्ये आमचीच गर्दी जास्त होती. मिसच्या गिरगावच्या वाडीतली माणसं, त्यांची भाची आणि तिचं कुटुंब पुढे, आणि मागे बाकांवर टेक्निशियन. काही ड्युटी संपवून तसेच आलेले. नाशिकचा एकजण पहाटेच्या गाडीने आला होता. त्यातले बरेचजण एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते आणि आवाजावरून ओळखत होते. सुप्रिया मुलीला कडेवर घेऊन माझ्या शेजारी होती.

अध्यक्ष आले ते हातात मोठं पुष्पचक्र घेऊन, त्यावर संघटनेच्या नावाची पट्टी. बरोबर एजन्सीचा माणूस. तो सरळ पुढे गेला, शवपेटीच्या पायाशी उभा राहिला आणि मोबाइल आडवा धरून अध्यक्षांना खुणा करायला लागला की थोडं डावीकडून या, चक्र जरा वर धरा.

सुप्रिया उठली. तिने मला काही विचारलं नाही. मुलीला घेऊन ती चालत गेली आणि मोबाइलच्या समोर, शवपेटीकडे पाठ करून उभी राहिली. त्या माणसाने बाजूला व्हा म्हणून हात केला. ती हलली नाही. तेव्हा मी गेले आणि तिच्या बाजूला उभी राहिले. मग नाशिकचा. मग मागचे बाक रिकामे व्हायला लागले.

अध्यक्ष माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, एकच फोटो. संघटनेच्या पेजसाठीच आहे हो."

"मिस त्या पेजवर नव्हत्या," मी म्हटलं. "तुम्ही काढलंत त्यांना. हात वर करून."

तो माणूस एका बाजूने आला, तर तिकडेही आमची माणसं होती. त्याने मोबाइल डोक्यावर उंच धरला, तेव्हा उंच मुलं पुढे आली. कुणी त्याला हात लावला नाही. फादर प्रार्थनेच्या जागी येऊन उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, अध्यक्षांच्या हातातल्या चक्राकडे बघितलं, आणि पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली.

आम्ही तसेच उभे राहिलो. प्रार्थना संपून मिसना उचलेपर्यंत त्या माणसाला फोटो मिळाला नाही.